‘तुमच्या मागं कोण हाय?’

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या चिटणीसबाईंनी मला पत्र धाडले तेव्हा विषय दिला होता ‘स्त्रिया आणि स्थानिक स्वराज्य’. विषय भारदस्त आहे. त्यावर बोलणारी विद्वान माणसे पुष्कळ आहेत आणि ती तासभर बोलून कोणालाही न दुखावता खाली बसतात. मला तेवढे कसब नाही. शिवाय गेल्या महिन्याच्या बैठकीत काय बोलणे झाले ते माझ्या कानावर आले आहे. पंचायत समितीच्या पुढच्या निवडणुकीत मंडळातलीच एखादी बाई, कोणत्याही पक्षाचे तिकीट न घेता, उभी करावी असे निम्म्या जणींना वाटते. आणि निम्म्या जणी म्हणतात, ‘नको ग बाई, मंडळ फुटेल.’ तेव्हा भारदस्त विषय बाजूला ठेवून मी त्या एकाच गोष्टीवर बोलते. २०१७ साली मी सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील दुष्काळी पट्ट्यातल्या एका गणातून अपक्ष म्हणून उभी राहिले होते आणि पडले होते, एवढीच माझी पात्रता.

गट म्हणजे काय आणि गण म्हणजे काय, हे सर्वांनाच ठाऊक असते असे नाही. उभे राहीपर्यंत मलाही नीटसे ठाऊक नव्हते. जिल्हा परिषदेसाठी जिल्ह्याचे गट पाडतात आणि एका गटाचे दोन गण करतात. गटातून जिल्हा परिषदेचा सदस्य निवडायचा, गणातून पंचायत समितीचा. २०१७ साली सातारा जिल्हा परिषदेचे ६४ गट होते, म्हणजे गण १२८. एका गणात साधारण पंधरा-वीस हजार वस्ती, दहा-पंधरा गावे आणि त्यांच्या वाड्या. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत पक्षांची चिन्हे नसतात. तिथे सगळेच शिट्टी, कपाट, छत्री असल्या चिन्हांवर उभे असतात. कोण कोणाचा हे गावाला माहीत असते, कागदावर नसते. पंचायत समितीपासून मात्र पक्षांची चिन्हे सुरू होतात आणि अपक्ष ही वेगळी जात होते.

वरच्या निवडणुकांत अपक्षांचे पूर्वी बरे चालत असे. १९५१-५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत ४८९ जागांपैकी ३७ जागी अपक्ष निवडून आले, १९५७ मध्ये ४२. पुढे पक्षांची पाळेमुळे खोल गेली. उभे राहणारे अपक्ष वाढत गेले आणि निवडून येणारे कमी होत गेले. १९९६ च्या लोकसभेला दहा हजारांहून अधिक अपक्ष उभे होते, त्यांतले निवडून आले ९. त्याच निवडणुकीत तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या नलगोंडा मतदारसंघात ४८० उमेदवार झाले होते. तिथल्या पाण्यात फ्लोराइड, माणसांची हाडे वाकलेली, आणि कोणी ऐकेना; म्हणून लोकांनी अर्ज भरून गाऱ्हाणे मांडले. सरकारने त्यानंतर लोकसभेची अनामत ५०० रुपयांवरून १०,००० रुपयांवर नेली. पाण्याचे काय झाले ते विचारणाऱ्याने विचारावे!

२०२४ साली ७ अपक्ष लोकसभेत गेले आणि त्यांत आपल्या शेजारच्या सांगलीचे विशाल पाटील आहेत. मला पुष्कळ जण म्हणाले, ‘बघा, अपक्षसुद्धा निवडून येतो.’ येतो, खरे आहे. परंतु ते वसंतदादांचे नातू, त्यांच्या घराण्याने सांगलीत पिढ्यान्‌पिढ्या राजकारण केलेले, आणि पक्षाकडून जागा सुटली नाही म्हणून ते अपक्ष राहिले. अशा उमेदवाराला कोणी गावच्या पारावर विचारत नाही, की तुमच्या मागे कोण आहे म्हणून. मला तो प्रश्न पहिल्या दिवशी विचारला गेला आणि शेवटच्या दिवशीही विचारला गेला. आज मी जे बोलणार आहे ते सगळे त्या प्रश्नाभोवतीचे आहे.

बायकांच्या बाबतीत हा प्रश्न जुनाच आहे. १ मे १९६२ ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या, त्या कायद्यात बाई निवडून येईल हे फारसे कोणी धरलेलेच नव्हते. नाही आली तर एखाद-दुसरीला सामावून घ्यावे, अशी सोय करून ठेवली होती. लग्नाच्या पंगतीत उशिरा आलेल्या पाहुण्याला कोपऱ्यात पाट मांडावा, तसे ते होते. हे मोडले कसे, तर नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन भरले. लाखोंनी शेतकरी बाया जमल्या आणि स्थानिक निवडणुका बायकांनीच लढवाव्यात असे तिथे ठरले. १९८९ च्या ग्रामपंचायत निवडणुकांत जळगाव जिल्ह्यातले विटनेर आणि यवतमाळ जिल्ह्यातले मेटीखेडा या गावांत सबंध पंचायतच बायकांची निवडून आली. घटनेची ७३ वी दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली आणि एक तृतीयांश जागा बायकांच्या झाल्या. महाराष्ट्रात २०११ मध्ये त्या निम्म्या झाल्या. म्हणजे घटनादुरुस्तीने जागा दिली त्याच्या चार वर्षे आधी विटनेरच्या बाया खुर्चीवर बसलेल्या होत्या. त्या काही एकेकट्या उठून उभ्या राहिल्या नव्हत्या, हे मात्र विसरू नये. त्यांच्यामागे दोन-तीन वर्षांच्या बैठका होत्या, मोर्चे होते, एकमेकींच्या घरी केलेल्या भाकऱ्या होत्या.

आता माझे सांगते.

२०१६ चा उन्हाळा आठवतो ना? आमच्या वाडीची विहीर होळीलाच तळाला गेली. टँकर मिळायचा तर ग्रामपंचायतीचा ठराव पंचायत समितीत जावा लागतो, मग पाहणी होते, मग मंजुरी. आमचा ठराव गेला आणि कुठल्याशा टेबलावर बसला. दोन आठवडे झाले, तीन झाले. आम्ही सात-आठ बाया एसटीने तालुक्याला गेलो. तिथल्या कारकुनाने फार सभ्यपणे विचारले, ‘तुमचे सदस्य कोण? त्यांच्याकडून एक फोन येऊ द्या.’ आमच्या गणाची सदस्य बाईच होती. तिच्या घरी गेलो तर ती बिचारी शेणाने हात भरलेली बाहेर आली आणि म्हणाली, ‘मला काय म्हाईत न्हाई, ह्यांना इचारा.’ ‘हे’ पुण्याला गेलेले होते. टँकर अखेर आला. पण ज्या दिवशी आला त्या दिवशी माझ्या मनात आले, की पंचायत समितीची सभा दर महिन्याला भरते, त्या सभेत उठून ‘अमुक गावचा ठराव अमुक तारखेला आला, तो आज कुठे आहे?’ एवढे वाक्य बोलणारे कोणीतरी हवे. त्या वाक्याला पक्ष लागत नाही.

तरी मी आधी एका पक्षाच्या दारात गेले, कारण गण सर्वसाधारण स्त्रीसाठी राखीव झाला होता आणि तिकिटे वाटणे चालू होते. तिथल्या पुढाऱ्यांनी चहा दिला, दोनच गोष्टी विचारल्या. खर्च किती करू शकाल? आणि मिस्टरांचा फोन नंबर काय? दुसऱ्या प्रश्नावर मी म्हटले, ‘ते ड्रायव्हर आहेत, रस्त्यावर असतात, फोन उचलत नाहीत.’ त्यावर ते हसले. तिकीट अर्थातच दुसरीकडे गेले. ज्या बाईला गेले ती माझ्या माहेरच्या नात्यातली, स्वभावाने गरीब, आणि तिच्याविषयी माझे काही वाकडे नाही. प्रचाराच्या पत्रकावर तिचा फोटो शेंगदाण्याएवढा आणि दिराचा पपईएवढा, एवढेच नमूद करते.

अपक्ष अर्जाची मौज अशी, की तो गावात बसून भरता येत नाही. अर्ज तेव्हा संगणकावर भरायचा, छापून घ्यायचा, त्यावर सह्या करायच्या आणि निवडणूक अधिकाऱ्यापुढे न्यायचा. बरोबर शपथपत्र, त्यात शिक्षण, जमीनजुमला, दागिने, गुन्हे असतील तर गुन्हे, सगळे. दोनाहून अधिक मुलांची अट आहे. १२ सप्टेंबर २००१ नंतरच्या जन्मामुळे संख्या दोनाच्या वर गेली तर अर्ज बाद. घरी शौचालय असल्याचा ग्रामपंचायतीचा दाखला. बँकेत निवडणुकीसाठी वेगळे खाते. नोटाबंदीला तेव्हा तीनच महिने झाले होते, त्यामुळे खात्यात पैसे भरायला माणूस गेला तर बँकवाले त्याच्याकडे संशयाने पाहत आणि काढायला गेला तर दयेने. पक्षाच्या उमेदवाराला हे करून द्यायला वकील असतो, पोरे असतात. मी आणि माझी भाची तालुक्याच्या संगणक केंद्रात रात्री साडेनऊपर्यंत बसलो होतो. दोनदा वीज गेली.

पण कागद हे अवघड काम नव्हे. अवघड काम सूचक मिळवणे. अर्जावर सूचक म्हणून एका मतदाराची सही लागते. तोंडाने ‘वहिनी, उभ्या राहा’ म्हणणारे वीस जण होते. सही म्हटल्यावर एकाला सोसायटीचे कर्ज आठवले, एकाच्या मुलाची बदली अडकलेली होती, एकाचा ऊस कारखान्याला जायचा होता. मी त्यांना दोष देत नाही. खेड्यातल्या माणसाचे पीक, पाणी, कर्ज आणि पोराची नोकरी या चारही दोऱ्या बहुधा एकाच मुठीत असतात. सही केली ती बाजारात भाजी विकणाऱ्या एका शेजारणीने. ती म्हणाली, ‘माझं कुणाकडं काय अडकल्यालं न्हाई. आन कुठं करायची सही?’ तेव्हा मला पहिल्यांदा उमगले, की आपल्या गणात अपक्षाचे खरे बळ कुठे आहे. ज्यांचे कुणाकडे काही अडकलेले नाही अशी माणसे शोधायची. ती थोडी असतात आणि बहुतेक बायकाच असतात.

मग आला अर्ज मागे घेण्याचा दिवस. ज्या भगिनीला उभे करण्याचे मंडळाच्या मनात आहे तिने हा भाग नीट ऐकावा. त्या दिवशी सकाळी सहापासून आमच्या अंगणात माणसे होती. कोणी धमकी दिली नाही, आवाजसुद्धा चढवला नाही. चुलत सासरे आले, माहेरचे मामा आले, भजनी मंडळाचे बुवा आले. ‘सूनबाई, गावाचं एकमत झालंया. तुमच्या एका अर्जापायी भावकीत वाकडं यील.’ सासूबाई आत चुलीपाशी बसून ऐकत होत्या. मालकांना तिघांनी बाजूला नेऊन मंदिराच्या सभामंडपाला देणगी देऊ केली. माझ्या अर्जाची किंमत सभामंडपात मोजली जावी हा मी माझा बहुमानच समजते. दुपारी तीनला मुदत संपत होती. मी दोनपर्यंत प्रत्येकाला चहा दिला आणि ‘बघते’ म्हटले, आणि मग कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले ती साडेतीनला खाली आले.

‘एकमत’, ‘बिनविरोध’ हे शब्द ऐकायला फार गोड लागतात. काही गावांत ते खरेही असतात आणि तिथे निवडणुकीचा खर्च आणि वैर वाचते, हे मी नाकारत नाही. पण जानेवारी २०२१ मध्ये काय झाले ते आठवा. नाशिक जिल्ह्यातले उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातले खोंडामळी या दोन गावांत ग्रामपंचायतीच्या पदांची बोली लावली गेली, उमराण्याची बोली दोन कोटींच्या वर गेली. आणि राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही ठिकाणची निवडणूक रद्द केली. बोली मंदिराच्या कामासाठी होती असे सांगितले गेले. देवाचे नाव आले की माणसाला वाटते, आता विरोध करणारा पापी. वास्तविक अशा गावात एका बाईने एक अर्ज भरला आणि तो मागे घेतला नाही, तर बिनविरोधाचे सारे गणित मोडते. निवडून येणे पुढची गोष्ट. ‘पडणार हे माहीत असताना उभे कशाला राहायचे?’ असे जे विचारतात त्यांना माझे हे उत्तर आहे. माझ्या गणात मतदान झाले, लोकांना तीन नावांतून निवडता आले, आणि त्या तिघींना दारोदार जाऊन पाण्याबद्दल काहीतरी बोलावे लागले.

चिन्ह मिळते ते सर्वांत शेवटी. पक्षाचे चिन्ह लोकांच्या डोळ्यांपुढे वर्षानुवर्षे असते. अपक्षाचे अर्ज मागे घेण्याची मुदत संपल्यावर ठरते आणि मतदानाला जेमतेम आठवडा उरतो. आमचे मतदान २१ फेब्रुवारीला होते. मला कपबशी मिळाली. ‘चहा पाजायला पैसे नाहीत म्हणून कपबशी दाखवते’ अशी थट्टा झाली. मीही तीच थट्टा करून मते मागितली. आठवड्यात बारा गावे आणि वाड्या पायी आणि एका सेकंडहँड रिक्षातून केल्या. पण एक अडचण आधी लक्षात घ्या, ती कोणी सांगत नाही. मतदार केंद्रात जातो तेव्हा त्याला दोन बटणे दाबायची असतात, एक गटाचे, एक गणाचे. पक्षाचे उमेदवार जोडीने हिंडतात आणि म्हणतात, ‘एकच चिन्ह, दोन्हीकडं दाबा.’ म्हातारीकोतारी माणसे तेवढे लक्षात ठेवतात. अपक्षाला म्हणावे लागते, ‘वरती तुम्हाला हवे ते दाबा, खालती मात्र कपबशी.’ हे वाक्य लांब आहे आणि लांब वाक्य निवडणुकीत पडते. आम्ही शेवटी एका पुठ्ठ्यावर दोन यंत्रे काढली आणि प्रत्येक घरी बाईच्या हाताने कपबशीवर बोट ठेववून घेतले. जिथे हे केले तिथे मते मिळाली, हे केंद्रवार आकड्यांवरून मी नंतर ताडून पाहिले आहे.

पुरुष विचारत, ‘तुमच्या मागं कोण हाय?’ बायका मात्र तो प्रश्न निराळ्या रीतीने विचारत. त्या म्हणत, ‘तू कुणाची ग?’ म्हणजे कुणाची लेक, कुणाची सून. मी आधी सासऱ्यांचे नाव सांगत असे. मग सांगू लागले, ‘तुमच्या टँकरसाठी तालुक्याला आली होती ना, त्यांतली एक.’ त्यावर पाणी मिळे, कधी भाकरी मिळे. मत मिळे की नाही कोण जाणे! हळदीकुंकवाच्या वाणात त्या वर्षी काही गावांत स्टीलचे डबे आले होते, साड्या आल्या होत्या. एक म्हातारी मला म्हणाली, ‘डबा घेतला मी. पर डब्याला डोळं न्हाईत, मी कुठलं बटण दाबलं ते दिसाया.’ असे शहाणपण मी कोणत्याही व्याख्यानमालेत ऐकलेले नाही.

निकाल २३ तारखेला लागला. मी तिसरी आले. अनामत वाचली. माझ्या स्वतःच्या गावात मी दुसरी होते, आणि ज्या वाडीला ठरावाचे एकोणीस दिवस ठाऊक होते तिथे पहिली. रात्री घरी आले तर चुलत सासरे जेवायला बसलेले होते. त्यांनी ‘या’ म्हटले आणि विषय काढला नाही. भावकी मोडली नाही.

असो. आता मंडळाच्या प्रश्नाकडे येते. समजा, आपली भगिनी उभी राहिली आणि निवडून आली. खरे संकट तेव्हापासून आहे. पंचायत समितीत सदस्य असतात आठ, दहा, बारा. सभापती निवडायच्या वेळी त्यांचे दोन सारखे तुकडे पडले, की मधला एक अपक्ष सोन्याचा होतो. १९९५ साली आपल्या विधानसभेत ४५ अपक्ष निवडून आले होते आणि सरकार कोणाचे व्हावे हे त्यांच्या हातात गेले होते. तेच नाटक तालुक्यात छोट्या रंगमंचावर होते. गाडी दारात येते. ‘ताई, चार दिवस देवदर्शनाला चला, मुलांनाही घ्या.’ पंचायत समिती सदस्यांसाठी महाराष्ट्रात १९८६ चा पक्षांतराविरुद्धचा कायदा आहे, अपक्ष म्हणून निवडून येऊन मागाहून पक्षात शिरणे हे त्यात अपात्रतेचे कारण धरलेले आहे. पण सभापतिपदाला मत कोणाला द्यावे, याबद्दल अपक्षाला आदेश देणारा कोणी नसतो. ते तिचे स्वातंत्र्य आहे आणि तिची बोली लागण्याचे कारणही तेच आहे. बाई एकटी असली, तर त्या चार दिवसांत तिच्या वतीने निर्णय घरातले पुरुष घेतात.

म्हणून मी म्हणते, की मंडळाने आपली बाई उभी करताना तिच्याकडून एक गोष्ट आजच, सर्वांसमक्ष ठरवून घ्यावी. सभापतीच्या निवडणुकीत ती कोणाला आणि कोणत्या अटीवर मत देईल, हे ती आधी मंडळाच्या बैठकीत येऊन सांगेल. आणि दर मासिक सभेनंतर येऊन काय झाले तेही सांगेल. तिला हुकूम करा असे मी म्हणत नाही. ती पंधरा-वीस हजार लोकांची प्रतिनिधी असेल, आपल्या चाळीस जणींची नव्हे. सांगायला जागा असली पाहिजे, एवढेच. मग पारावर कोणी विचारले, की मागे कोण आहे, तर तिला तोंडात मारल्यासारखे गप्प बसावे लागणार नाही.

‘मंडळ फुटेल’ ही भीती खोटी नाही. आपल्यांत निरनिराळ्या पक्षांच्या घरांतल्या बायका आहेत, आणि त्यांना त्या आठवड्यात घरी काय ऐकावे लागेल ते मला ठाऊक आहे. त्यासाठी मंडळाने मंडळ म्हणून प्रचार करू नये. मंडळाचा निधी, मंडळाची जागा, मंडळाच्या सतरंज्या यांना हात लावू नये. जिला जावेसे वाटेल ती आपल्या पायांनी जाईल. जिला जमणार नाही तिला कोणी विचारू नये. फुटते ते लपवलेल्या गोष्टींनी.

सदस्याला अधिकार तरी काय, असे परवा एकीने विचारले. रास्त आहे. २०१५ ते २०२० या काळात चौदाव्या वित्त आयोगाचा निधी सारा थेट ग्रामपंचायतींना गेला आणि पंचायत समितीचे सदस्य हात चोळत बसले. ‘आम्हाला कामच नाही’ म्हणून त्यांनी तक्रारी केल्या. पंधराव्या आयोगापासून आपल्या राज्यात ग्रामपंचायतीला ८० टक्के, पंचायत समितीला १० आणि जिल्हा परिषदेला १० असा वाटा ठरला. त्यानंतर गंमत अशी झाली, की २०१७ ला निवडलेल्यांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि निवडणुकाच लांबल्या. कितीतरी काळ प्रशासकांनीच कारभार पाहिला. मुदत संपल्यावर पैसा आला तरी विचारणारे सदस्य खुर्चीवर नव्हते. त्या काळात आम्ही चार-पाच जणींनी माहितीच्या अधिकारात अर्ज करून टँकरच्या फेऱ्यांच्या नोंदी मागवल्या. मिळाल्या. सदस्य नसतानाही विचारता येते. कायद्याने प्रत्येक ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यावी लागते, ती आपल्या गावात शेवटची कधी झाली ते आजच आपल्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना विचारून पाहा. त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होईल. जिला उभे करायचे तिने अशा दोन-चार सभा आधी अंगावर घेतलेल्या असाव्यात. नाव तेवढ्यानेच होते, पत्रके छापून होत नाही.

राहता राहिला पैसा. खर्चाची मर्यादा आयोग ठरवतो आणि ती लाखांत असते. ती वाचून घाबरू नका, तेवढा खर्च केलाच पाहिजे असे त्यात लिहिलेले नाही. निकालानंतर तीस दिवसांत हिशोब द्यावा लागतो, जिंकलेल्याने आणि पडलेल्यानेही. नाही दिला तर पुढच्या निवडणुकांना अपात्र ठरवले जाऊ शकते. पुष्कळ पडलेले उमेदवार रागाने हिशोब देत नाहीत आणि पुढच्या वेळी पस्तावतात. मी रोजचा रोज वहीत लिहीत असे: रिक्षा, डिझेल, पुठ्ठे, पत्रके, कार्यकर्त्यांची मिसळ. ती वही मी बरोबर आणली आहे. चिटणीसबाईंपाशी ठेवून जाते, ज्यांना पाहायची त्यांनी पाहावी, आकडे उतरवून घ्यावेत. वही मात्र मला परत हवी आहे. मागच्या पानांवर आमच्या वाडीच्या टँकरच्या तारखा लिहिलेल्या आहेत आणि अजून आठ पाने कोरी आहेत.